हातचं राखून

"ही बाई गाणार कधी?"

मामांनी हे विचारलं तेव्हा बाईचं गाणं अर्ध्यावर आलं होतं. मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेहून आमच्याकडे पुण्याला येऊन राहिले होते. डोळ्यावर काळा चष्मा, ठरल्या वेळी थेंब, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पेपर नाही, टीव्ही नाही. ज्या माणसाचा दिवस निधनवार्ता वाचल्याशिवाय सुरू होत नाही त्याच्यावर हा मोठाच अन्याय. उरले कान. सकाळी त्यांच्या आवडीचं लागायचं आणि संध्याकाळी माझ्या, असं आमचं न बोलताच ठरून गेलं होतं. त्या संध्याकाळी मी परात पुढ्यात घेऊन मटार सोलत होते आणि हेलन मेरिल ह्या अमेरिकन जॅझगायिकेची पहिली रेकॉर्ड लावली होती. न्यूयॉर्क, डिसेंबर 1954. सात गाणी, सातही आधीच लोकांच्या ओठांवर असलेली, जॅझवाले ज्यांना स्टँडर्ड म्हणतात ती.

मामा म्हणजे मिरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं होणाऱ्या गाण्याला वर्षानुवर्षं रात्री जागवलेला माणूस. त्यांनी थोडा वेळ कळ काढली. आलापी चालली असेल, आता गाणं सुरू होईल, अशा बेतानं ऐकत असावेत. मग राहवेना म्हणून विचारलं. "मामा, हे गाणंच आहे," मी म्हटलं. "हे?" त्यांनी माझा फोन मागून घेतला, काळा चष्मा कपाळावर सरकवला (मी ओरडले, त्यांनी दुर्लक्ष केलं) आणि कव्हर न्याहाळलं. ते कव्हर आहेही मोठं गमतीचं. मायक्रोफोनच्या अगदी पुढ्यात बाईचा चेहरा, डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं. बघणाऱ्याला वाटावं, हिनं आत्ता टाहो फोडलाय. "चेहऱ्यावर तार सप्तक आणि गळ्यात हे," मामा म्हणाले. "हातचं राखून गातेय. गाणी हिचीच का?"

"नाही. सगळी आधीची. बऱ्याच जणांनी गायलेली."

"पहिलीच रेकॉर्ड आणि सगळी उसनवारी? मग ह्यात हिचं काय?"

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात ट्रंपेट आला. मामांची मान एका अंगाला कलली. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर मात्रा मोजायला लागली, मग मोजायची थांबली, म्हणजे हिशेब सोडून नुसतं ऐकणं सुरू झालं. तो तुकडा संपला तेव्हा ते म्हणाले, "हा कोण गं? ह्याला परत लाव."

मी परत लावलं, पण मला राग आला. दोन-चार दाणे परातीबाहेर उडाले. एवढ्या साध्या बोलण्याचा राग का यावा हे तेव्हा उमगलं नाही. नंतर उमगलं ते असं, की मीही ती रेकॉर्ड निम्म्या वेळा त्या ट्रंपेटसाठीच लावत होते.

उसनवारीचा मुद्दा तसा झटक्यात निकालात काढता आला असता. यमनची एकच बंदिश दहा जणांकडून ऐकून दहांची प्रतवारी लावणारे मामा, त्यांनी कुठल्या गवयाला कधी विचारलंय की ही बंदिश तुमची का? पण स्टँडर्ड म्हणजे तिकडची बंदिश, हे आपल्याकडे सर्रास सांगितलं जाणारं समीकरण मला पुरतं पटत नाही. बंदिश मुळात गाणाऱ्याच्या हवाली करण्यासाठीच बांधलेली असते. ही गाणी तशी नाहीत. ह्यांतली बरीचशी नाटका-सिनेमांतली पदं आहेत. त्या सातांतलं 'यस्टरडेज' हे 'रॉबर्टा' ह्या 1933 च्या संगीतिकेतलं, चाल जेरोम कर्नची. 'फॉलिंग इन लव्ह विथ लव्ह' 1938 च्या 'द बॉइज फ्रॉम सिराक्यूज'मधलं, म्हणजे आपण 'अंगूर'मुळे ओळखतो त्या शेक्सपिअरच्या जुळ्यांच्या गोंधळाचा ब्रॉडवे अवतार. 'स वंडरफुल' गर्श्विन बंधूंचं, 1927 च्या 'फनी फेस'मधलं. 'यूड बी सो नाइस टू कम होम टू' कोल पोर्टरनं 1943 च्या एका चित्रपटासाठी लिहिलं. तो चित्रपट आज फक्त ह्या गाण्यापुरता उरलाय. 'मानापमान' किंवा 'स्वयंवर' अख्खं बघितलेले किती जण भेटतात? पदं मात्र ज्यांनी नाटकाचं पुस्तक उघडलेलं नाही त्यांनाही येतात. तिकडेही तेच झालं. नाटकं मागे पडली, पदं बैठकीत आली.

आणि पद नाटकातून सुटलं की त्याचं पात्रही सुटतं. 'यस्टरडेज' नाटकात एक वयस्क आत्याबाई म्हणायच्या, आपल्या सरलेल्या तारुण्याची आठवण काढत. इथे ते पंचविशीच्या आसपासची मुलगी म्हणते. तिच्याकडे मागे वळून बघायला होतंच काय? पण ती ते म्हणते, आणि ऐकताना वय मध्ये येत नाही. आमच्या आजोळी कुमार गंधर्वांच्या 'मला उमजलेले बालगंधर्व'वरून पानावर बसल्या बसल्या भांडणं झालेली मला आठवतात. थोरले मामा हातातला घास तसाच धरून विचारायचे, नारायणरावांच्या पदांना हात लावायचा अधिकार ह्या कुमारांना दिला कुणी? आणि हेच आमचे धाकटे मामा, तेव्हा कॉलेजात, कुमारांच्या बाजूनं भांडायचे. आजी ताकाचं भांडं घेऊन दोघांच्या मध्ये उभी. म्हणजे गाणं उसनं असायला त्यांची हरकत नसते. उसन्यावरचं व्याज दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

व्याज कुठे दिसतं ते सांगायला मला त्या संध्याकाळी सुचलं नाही. पहिलंच गाणं काढून दाखवायला हवं होतं. 'डोन्ट एक्स्प्लेन' बिली हॉलिडेचं. नवरा घरी येतो, कॉलरवर लिपस्टिक, त्याची सारवासारव सुरू होते आणि बायको म्हणते, राहू दे, काही सांगू नकोस. हे आपल्याच संसारातून आलं असं बिलीनं स्वतः सांगितलेलं आहे. 1954 साली बिली हयात होती, गात होती. जिचं दुखणं तिच्याच आवाजात लोकांच्या कानात ताजं आहे, तिचं गाणं आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या पहिल्या जागी ठेवायचं, ह्याला छाती लागते. हातचं राखणाऱ्याचं ते काम नव्हे.

माझी आणि ह्या गाण्यांची ओळख मात्र आवाजातून झालेली नाही. ती गिरगावात झाली, तीही न कळत. आमच्या मागच्या गॅलरीतून खोताच्या वाडीतली कौलं दिसायची आणि त्यांतल्या एका घराच्या ओट्यावर एक गोवेकर अंकल संध्याकाळी ट्रंपेट घेऊन बसायचे. तरुणपणी ते चर्चगेटकडच्या हॉटेलांतून वाजवत, नंतर सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. मुंबईतल्या जॅझची हकिगत पुष्कळ जणांनी लिहिलेली आहे. तीसच्या दशकात ताजमध्ये अमेरिकेहून काळे वादक येऊन वाजवायला लागले, 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबीचा बँड आला, मग टेडी वेदरफर्ड. गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेल्या गोव्याच्या पोरांनी त्यांच्याकडून ते उचललं, आणि त्यांच्यातले बरेच पुढे फिल्मी वाद्यवृंदांत शिरले. 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या चालींमागे जो ट्रंपेटवाला चिक चॉकलेट उभा आहे तो ह्याच वाटेनं आलेला. आमच्या अंकलना एवढं नाव नव्हतं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते ट्रंपेटच्या तोंडावर एक जुनी फेल्टची टोपी अडकवायचे. दोन-तीन फेऱ्या वाजवून झाल्या की एक बारकी कळ दाबून नळीत साठलेलं पाणी फुंकून कुंडीत सोडायचे. ते पाणी म्हणजे निव्वळ थुंकी असा आम्हा पोरांचा ठाम समज होता, त्यामुळे त्या कुंडीतल्या अबोलीची फुलं कुणी चोरत नसे. बोंबील तळल्याचा वास, खालून जाणाऱ्या भंगारवाल्याची हाक आणि टोपीतून येणारी ती दबलेली धून. तिच्यात एक ठिकाण असं होतं की तीच चाल उचलून वरच्या मजल्यावर नेल्यासारखी वाटायची, आणि नेमकी त्याच वेळी आई दिवे लावायची, असं मला आजही वाटतं. असं रोज घडणं शक्य नाही, पण आठवणीला कोण सांगणार?

ती धून 'व्हॉट्स न्यू?' होती. हे मला हेलन मेरिलची रेकॉर्ड ऐकताना कळलं, खूप वर्षांनी, दुसऱ्याच शहरात. तिसरं गाणं सुरू झालं आणि मी हातातलं काम टाकून उभी राहिले. ह्या गाण्याचीही गंमत आहे. मुळात ते गाणं नव्हतंच. बॉब क्रॉसबीच्या बँडमधल्या बॉब हॅगार्ट नावाच्या बासवाल्यानं 1938 मध्ये बँडमधल्या ट्रंपेटवाल्यासाठी, बिली बटरफील्डसाठी, ती चाल बांधली. शब्द पुढच्या वर्षी जॉनी बर्कनं घातले. म्हणजे अंकल जे वाजवत होते तेच गाण्याचं मूळ रूप, आणि गायिकांनी ते ट्रंपेटकडून उसनं घेतलेलं. वरच्या मजल्याचं म्हणाल तर तेही खरं निघालं. गाण्याचा मधला भाग म्हणजे पहिलीच ओळ, मध्यमाला षड्ज करून मांडलेली.

शब्दांत विशेष काही नाही. पूर्वी एकमेकांत गुंतलेली दोन माणसं पुष्कळ दिवसांनी अचानक समोरासमोर येतात आणि त्यांतलं एक जण बोलत राहतं. काय म्हणतोस, बरा आहेस ना, अजून तसाच दिसतोस, परत भेटून बरं वाटलं. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की आपण बोलतो तेच. अगदी शेवटी, जाता जाता, खरं ते निसटतं: तुला कुठून माहीत असणार म्हणा, माझ्यात काही बदल नाही, माझं अजून तुझ्यावर तेवढंच आहे. आता हे गाणं गळा काढून म्हणता येतं. म्हणणाऱ्यांनी तसं म्हटलंही आहे. पण माणूस ते रस्त्यात असं ओरडून सांगेल का? मेरिल ते सांगतच नाही जवळजवळ. ओळ संपत आली की ती सूर धरून ठेवत नाही, सोडून देते, आणि शेवटच्या अक्षरात सुरापेक्षा हवा जास्त असते. श्वास घेतलेला ऐकू येतो. ठेका पुढे निघून जातो आणि ती मागून, आपल्या चालीनं येते, सम गाठायची घाई नसल्यासारखी. आपल्याकडे ज्याला जागा घेणं म्हणतात ते ती क्वचितच करते. बहुतेक वेळा ती जागा मोकळी ठेवते. बालगंधर्वांना पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं होतं, तेही मायक्रोफोनशिवाय. ज्या कानांना त्या गाण्याचं वळण लागलंय त्यांना हिचं गाणं म्हणजे पूर्वतयारीच वाटणार. मेरिलला पोचायचं होतं ते समोरच्या मायक्रोफोनपर्यंत, वीतभर अंतरावर. त्या वीतभरात तिनं जे केलं त्यासाठी कव्हरवरचा तो चेहरा एवढा पिळवटलेला आहे, असा माझा तर्क. कुजबुजायला ताकद लागते, हे घसा बसल्यावर ज्यांनी घर चालवलंय त्यांना सांगायला नको.

ती कुठून आली हे थोडक्यात. मूळ नाव येलेना मिल्चेतिच, आईबाप क्रोएशियातून आलेले, ब्राँक्समध्ये वाढलेली. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून क्लबांतून गात होती, अर्ल हाइन्सच्या बँडबरोबर काही काळ काढला होता, लग्न झालं होतं आणि पदरी चार वर्षांचा होत आलेला मुलगा होता. (हा मुलगा, अ‍ॅलन मेरिल, पुढे 'आय लव्ह रॉक अँड रोल' लिहिणाऱ्यांतला एक. जोन जेटमुळे ते गाणं जगभर दणाणलं. कुजबुजणाऱ्या आईच्या पोटी हे निपजावं ह्याचं मला फार हसू येतं.) एमआर्सी ही मर्क्युरी कंपनीची नवी जॅझ शाखा तिची रेकॉर्ड काढायला तयार झाली. आणि इथे मला तिची धास्ती वाटते, सत्तर वर्षांनीही. कारण त्याच डिसेंबरात, एक आठवडाही आधी नाही, त्याच कंपनीसाठी सारा वॉन गाऊन गेली होती. साथीला क्लिफर्ड ब्राऊनच, म्हणजे मामांनी 'हा कोण गं?' विचारलं तो ट्रंपेटवाला. पियानोवरही इथलाच जिमी जोन्स. सारा वॉनचा आवाज म्हणजे वरच्या-खालच्या सगळ्या सप्तकांत कुठेही सहज फिरणारा, जे मनात येईल ते गळ्यातून निघणारा. ती रेकॉर्ड आजही जॅझगायनातल्या अव्वल रेकॉर्डांत मोजली जाते. वादकांच्या कानात ते गाणं घुमत असताना 22 तारखेला स्टुडिओत ही यायची, आपला हा एवढासा आवाज घेऊन.

तिला तारलं ते एका एकवीस वर्षांच्या मुलानं. पुढे जो 'थ्रिलर'चा निर्माता म्हणून सगळ्या दुनियेला माहीत झाला तो क्विन्सी जोन्स ह्या रेकॉर्डचा संगीत-संयोजक होता, म्हणजे कुठलं वाद्य कुठे, किती वाजेल हे ठरवणारा. आदल्या वर्षी तो आणि क्लिफर्ड ब्राऊन दोघेही लायनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर युरोपात होते. बाहेर कुणी रेकॉर्डिंग करायचं नाही अशी हॅम्प्टनची ताकीद, आणि ही पोरं रात्री हॉटेलातून सटकून पॅरिसच्या स्टुडिओत. तेव्हा ओळख जुनी होती. संयोजकाचं काम असं की चांगलं झालं तर त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. क्विन्सीच्या हाताशी वाद्यं मोजकीच होती: ट्रंपेट, पियानो, बॅरी गॅलब्रेथची गिटार, बास, ड्रम आणि डॅनी बँक, जो गरजेप्रमाणे बासरी किंवा बॅरिटोन सॅक्सोफोन धरायचा. रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या बैठकीला, म्हणजे 24 तारखेला, नाताळच्या आदल्या दिवशी, बास वाजवायला ऑस्कर पेटिफोर्ड आला, आणि त्यानं चेलोही वाजवला. ह्या सगळ्यांना क्विन्सीनं तिच्या आवाजाच्या आजूबाजूला बसवलं, अंगावर नाही. ती गात असताना मागची वाद्यं जेमतेम कुजबुजतात. ती थांबली की ट्रंपेटला दार उघडतं.

आणि दार उघडल्यावर तो येतोच असा, की काय करणार? क्लिफर्ड चोवीस वर्षांचा होता. विल्मिंग्टनचा, गणिताची आवड असलेला, दारूच्या आणि हेरॉइनच्या त्या काळात दोन्हींना न शिवणारा. विशीही गाठली नव्हती तेव्हा मोटारीच्या अपघातात मरता मरता वाचून जवळपास वर्षभर हॉस्पिटलात पडून होता. त्याचा स्वर भरीव आणि गोड, कितीही वेगात गेला तरी एकेक स्वर सुटा, टपोरा. 'यूड बी सो नाइस'मध्ये तो येतो तेव्हा घरात कुणीतरी खिडक्या उघडत चाललंय असं वाटतं. त्यात प्रदर्शन नाही, हे मला विशेष वाटतं. एवढी तयारी असलेला वादक दुसऱ्याच्या रेकॉर्डवर आपल्या वाट्याला आलेल्या तेवढ्या मात्रांत गाण्याचाच विचार पुढे नेतो आणि बाजूला होतो.

मिरजेला परतल्यावर मामांचा एकदा फोन आला. डोळा छान दिसायला लागलाय, पेपर सुरू झालाय, अमुक गेले, तमुक गेले. मग एकदम, "तो तुझा पोरगा अजून वाजवतो का?" मला क्षणभर कळेना कोण पोरगा. मग सांगितलं. 26 जून 1956. पेनसिल्व्हेनियाच्या महामार्गावर पावसात गाडी घसरली. गाडीत तो, त्याचा पियानोवादक रिची पॉवेल आणि पॉवेलची बायको. तिघंही गेले. त्याच्या लग्नाला त्या दिवशी दोन वर्षं होत होती. वय पंचवीस. मामा पलीकडे गप्प झाले. अल्पायुषी कलावंतांची मिरजेकडच्या माणसाला काही नवलाई नाही, पण तरी. मग म्हणाले, "आणि ती?"

ती मात्र गात राहिली. हाच तर प्रश्न झाला तिचा. तो गेल्यावर त्याची प्रत्येक फुंकर लोकांनी जपून ठेवली, आणि जपताना ह्या रेकॉर्डमधलं बाकीचं आपोआप मागे सरकलं. मूळ रेकॉर्डचं नाव साधं होतं, 'हेलन मेरिल', बस. नंतरच्या आवृत्त्यांवर ते 'हेलन मेरिल विथ क्लिफर्ड ब्राऊन' झालं. कंपनीचं बरोबरच आहे, तेवढ्यानं खप वाढतो. पण पहिल्या रेकॉर्डवर स्वतःचं एकटीचं नाव छापून यायला जिनं ब्राँक्सपासून दहा वर्षं घासली, तिच्या नावात दुसरं नाव येऊन बसलं. हेलन मेरिल म्हटलं की लोक विचारतात, तीच ना, ब्राऊनबरोबर गायलेली? मामांनी विचारलेलं 'ह्यात हिचं काय' मला झोंबलं ते ह्यामुळे. आणि ह्यात माझाही हात आहेच. ट्रंपेट आला की मी आवाज वाढवते.

अमेरिकेनं तिला डोक्यावर घेतलं नाही. जपाननं घेतलं. साठच्या दशकात ती तिकडे राहायलाच गेली, पुढची काही वर्षं तिथेच काढली आणि तिथल्या रसिकांनी तिला 'न्यूयॉर्कचा सुस्कारा' असं नाव दिलं. नाव गोड आहे, पण सुस्कारा म्हणून ओळखलं जाणं कुठल्या गाणाऱ्या बाईला आवडेल, कुणास ठाऊक. 1994 मध्ये, साठी उलटून गेल्यावर, तिनं ब्राऊनच्या स्मरणार्थ एक अख्खी रेकॉर्ड केली. साथीला एक सोडून चार ट्रंपेट: रॉय हारग्रोव्ह, टॉम हॅरेल, वॉलेस रोनी, ल्यू सोलॉफ. त्यांतला हारग्रोव्ह तेव्हा क्लिफर्ड गेला जवळपास त्याच वयाचा, जेमतेम पंचविशीतला. त्या रेकॉर्डमध्ये 'डोन्ट एक्स्प्लेन' पुन्हा आहे. मी ती आदरानं ऐकते, पण वारंवार लावावीशी वाटत नाही. श्राद्धाच्या स्वयंपाकाला चव पाहायची नसते, तसं काहीसं होतं.

मला जास्त काही सांगते ती दुसरीच हकिगत. 1956 च्या उन्हाळ्यात, क्लिफर्ड गेला त्याच उन्हाळ्यात, तिची पुढची एक रेकॉर्ड व्हायची होती. ह्या वेळी संयोजक म्हणून तिनं गिल एव्हन्सचं नाव धरलं. गिलला तेव्हा फारसं काम नव्हतं. एकेका गाण्यावर तो बसून राही, वेळ खाई, पैसे लागत. कंपनी राजी नव्हती. ती हटली नाही. 'ड्रीम ऑफ यू' ही रेकॉर्ड झाली, आणि गिल एव्हन्स ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर 'माइल्स अहेड' करून जगाला ठाऊक झाला तो त्यानंतर, 1957 मध्ये. वीतभर अंतरावर गाणाऱ्या बाईचे कान किती लांबचं ऐकत होते बघा.

तीस वर्षांनी, 1987 मध्ये, तिनं गिलला पुन्हा गाठलं आणि त्याच रेकॉर्डमधली गाणी, तीच संयोजनं घेऊन, दोघांनी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. गिल पंचाहत्तरीचा होता. पुढच्या मार्चमध्ये गेलाच. मी दोन्ही रेकॉर्डी पाठोपाठ लावून ऐकल्या आहेत. तरुणपणीच्या आवाजात हवा आहे, नंतरच्या आवाजात तळ आहे. तरुण मेरिल ओळ सोडून देते तेव्हा ती कुठे पडेल ह्याची तिला काळजी असते असं वाटतं. उतारवयातली मेरिल ती न बघताच सोडते. मला ही दुसरी जास्त आवडते, हे जॅझच्या जाणकारांसमोर बोलायला मी जरा कचरते. तीत क्लिफर्ड नाही. सोप्रानो सॅक्सोफोनवर स्टीव्ह लेसी आहे, तोही असा वाजवतो की गाणारीला जागा राहावी. हल्ली कुणी विचारलं तर मी आधी 1987 ची ऐकायला सांगते आणि मग 1954 ची. क्रम उलटा आहे, पण तसं ऐकलं की 'व्हॉट्स न्यू?'मध्ये ट्रंपेटच्या आधी ती ऐकू येते.